थोरलीचं पान

"हे दुसरं पान कुणाचं?"

दिनकररावांनी काढून गुडघ्यावर ठेवलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. समोर दोन पाट मांडलेले होते आणि दोन पानं वाढून तयार होती. एका पाटावर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नीलमबाई बसल्या होत्या, दुसऱ्यावर गल्लीतली बबिता. दोघींच्या ओटीत नुकतेच खण-नारळ पडले होते. माझी सून मंजुषा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. निखाऱ्यावर तुपाची आगारी टाकायची तेवढी राहिली होती.

"एक वैनीचं, ते कळलं," दिनकरराव म्हणाले. "वैनी आहेव गेल्या, आजचा त्यांचा मान हाय. पण हे दुसरं?"

"आजीचं," मी म्हणालो. इतकं हळू की पुन्हा म्हणावं लागलं.

"कोणत्या आजीचं?"

"थोरलीचं. दगडाबाईचं."

दिनकरराव हसले. कुत्सितपणे नाही, लहान मुलानं काही भलतंच सांगितलं की हसतात तसे. "नाना, आज नवमी हाय. आहेवनवमी. नवऱ्याच्या आदी गेलेल्या बायांचा दिस. थोरली तात्याच्या माघारी तेवीस वर्सं जगली. तिचं पान आज कसं यील?"

त्यांचं चुकलं नव्हतं. पितरपाठातल्या नवमीला सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, हीच रीत. दगडाबाई विधवा म्हणून गेली. निदान भावकी तसं मानते. तरीही चौतीस वर्षं माझ्या मानवतच्या घरात नवमीला तिचं पान वाढलं जातं. आजवर कुणी विचारलं नाही, कारण आजवर या दिवशी भावकीतलं कुणी आलंच नव्हतं. यंदा आले. माझी बायको प्रयाग गेल्या वर्षीच्या श्रावणात गेली. वर्ष सरलं आणि ही तिची पहिली नवमी. भावकीतला कर्ता माणूस म्हणून दिनकरराव सकाळच्या एसटीनं गावाहून आले होते. त्यांचे आणि माझे आजोबा एकच, व्यंकटराव. त्यांना सगळे तात्या म्हणत. आज्या मात्र दोन. माझी थोरली, त्यांची धाकटी.

"का पुस्तकात वाचलं हे कुटं?" दिनकररावांनी विचारलं.

एका शाळेत एकतीस वर्षं मी ग्रंथपाल होतो. भावकीत माझ्यावरचा विनोद ठरलेला आहे : नानाला इंचू चावला तर आदी पुस्तक काढून बघंल, मग बोंबलंल. मी त्यावर हसतो. खरं म्हणजे विनोद बरोबर आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही. योग्य वाक्य मला घरी पोचल्यावर सुचतं.

पण पुस्तकं माझ्या आयुष्यात आली ती दगडाबाईमुळेच. धाकट्या बहिणीच्या, सोजरच्या, जन्माच्या वेळी आमची आई गेली. वडील पूर्णेला रेल्वेच्या गँगमध्ये होते, महिन्यातून एकदा येत. आम्हा दोघांना आजीनं वाढवलं. मी पाचवीत असताना गावच्या शाळेत एक लाकडी कपाट आलं, सरकारनं पाठवलेल्या पुस्तकांचं. हेडमास्तरांनी त्याला जे कुलूप लावलं ते काढलंच नाही. मी रोज काचेतून पुस्तकांची नावं वाचायचो आणि घरी येऊन आजीला सांगायचो. दहा-बारा दिवस तिनं ऐकून घेतलं. एका दुपारी शेतातून परस्पर शाळेत आली, काखेत विळा, डोक्यावर गवताचा भारा. भारा तिनं दारात टाकला.

"मास्तर, त्या काय चोरट्या म्हशी हायत का, दावं लावून ठिवलेत?"

"अहो बाई, पोरं पुस्तकं फाडतात. हिशेब मला द्यावा लागतो."

"फाडू द्या. मी शिवून देते. अख्ख्या गावाच्या वाकळा शिवते, तुमची पुस्तकं काय मोठी?"

"तसं नसतंय बाई."

"मंग कसं असतंय? ती वाळवीनं वाचायची का?"

आणि ती तिथंच भाऱ्यावर बसली. शाळा सुटायच्या आत कपाट उघडलं. पुढं खरोखरच फाटकी पुस्तकं आमच्या घरी येऊ लागली आणि ती वाकळेच्या सुईनं, जाड दोऱ्यानं ती शिवायची. एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला. एकदा तिनं एक पुस्तक उलटं शिवलं. मी हसलो, तर म्हणाली, "तुला येतंय ना वाचाया? मंग उलटं धरून वाच."

हे सगळं दिनकररावांना सांगायला हवं होतं, असं वाटतं. सांगितलं नाही. मी म्हणालो, "तसं काही नाही. आम्ही करत आलो आहोत."

"करत आलाव म्हंजे? किती वर्सं?"

"पहिल्यापासून."

"म्हंजे चौतीस वर्सं तुमी तिला चुकीच्या दिशी जेवू घालायलाव!" दिनकररावांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "बगा नाना, मी वाद घालाया आलो न्हाई. पण थोरली उपाशी न्हाई, ह्याची खात्री ठिवा. चतुर्थीला तात्याचं असतंय आमच्या घरी. त्यात दोनी आज्यांचं पान मी सोता वाढतो. थोरलीचं आदी, मग आमच्या आजीचं. मान कधी चुकवला न्हाई."

हे मला माहीत नव्हतं.

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यानं खरोखरच आदरानं वाढलं असणार. पण ज्या घराची पायरी ती पुढं मरेपर्यंत चढली नाही, त्या घरी तिचं पान, तेही तात्यांच्या पंगतीला. आणि तिला विचारणार कोण? मेलेली माणसं नको म्हणू शकत नाहीत.

तात्यांनी तिला घराबाहेर काढलं तेव्हा माझे वडील पाच वर्षांचे होते. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांनी हात उगारला तेव्हा तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं नाही, एवढंच. वर्षाच्या आत धाकटी आली. थोरली माहेरी गेली नाही. सासऱ्यानं तिच्या नावे दोन एकर करून दिले होते, त्यावर ती मुलाला घेऊन राहिली. त्याच गल्लीत, तात्यांच्या दारापासून सहा घरं सोडून. तात्या रोज तिच्या दारावरून बैल घेऊन जायचे. ती रोज दारात बसून कपाळाला आधी मेण, मग कुंकू लावायची. पस्तीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

तात्या गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. कापसाची वेचणी चालू होती. आजी अंगणात सरकी निवडत होती. भावकीतल्या चार-पाच बाया आल्या, पुढं दिनकररावांची आई.

"थोरले, ऊठ. तात्या गेले."

"कळलं."

"चल मंग. बांगड्या फोडायच्या हायत. धाकटीच्या फोडल्या, तुझ्या राहिल्या."

आजीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, उठतेय. ती उठली नाही.

"मला घराभाईर काढलं त्या दिशी तुमी कुटं हुतात?" तिनं विचारलं. "त्या दिशी यायचं हुतं फोडाया. मी जी रांड झाले ती तवाच झाले. एका नवऱ्याची बाई दोनदा रांड हुती का?"

"आगं, असं बोलू ने थोरले. मढं दारात हाय."

"मढं त्याच्या दारात हाय. माझा नवरा असता तर माझ्या दारात असतं."

"आन कपाळावरचं? ते कुणाच्या नावाचं मंग?"

आजीनं कुंकवाला बोट लावलं, जागेवर आहे की नाही ते बघितल्यासारखं. "हे सेलूच्या बाजारातून मी आणलेलं हाय. लावतेय मी, कपाळ माझं. नाव पाहिजेच आसंल तर माझंच हाय. दगडा."

बाया परत गेल्या. आजीनं त्या दिवशी एक आंघोळ केली. लांबच्या भाऊबंदाचं कळलं की करतात तशी, एकच. मग ओल्या केसांनी पुन्हा सरकी निवडायला बसली. मी तिच्याकडं बघत राहिलो. तिचा हात रोजच्यापेक्षा सावकाश चालत होता, एवढं मला दिसलं. त्याचा अर्थ काय, हे मी तेव्हाही सांगू शकलो नसतो, आजही नाही.

"काका." बबितानं पाटावरूनच हाक मारली. तिचा चेहरा उतरला होता. "मी ज्या आजींच्या पानावर बसलेय, त्या... आहेव नव्हत्या का?"

नीलमबाई आपल्या पानाकडं बघत राहिल्या.

"नव्हती," दिनकरराव म्हणाले. "तुला सांगितलं न्हाई का ह्यांनी? सवाष्णीला असं बसवू ने बाई, तुझ्या कुंकवाची गोष्ट हाय."

बबिता उठली. नारळ तिनं पाटावर ठेवला, खण त्याच्यावर. "रागावू नका काका. दर साली बोलवता, मी आनंदानं येते. पण मला म्हाईत नव्हतं. आमच्या ह्यांची दिवाळीत ॲन्जिओप्लास्टी झाली. सासूबाईंना कळलं तर... आन खरं सांगू का, मलाच भेव वाटायलंय."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. तिचं बरोबरच होतं. मी तिला पाच वर्षं सांगितलं नव्हतं, ही चूक माझी. मला वाटायचं, कुणाला सांगितलं नाही तर कुणाला त्रास नाही. भित्र्या माणसाला हे फार सोयीचं वाटतं.

ती दाराशी जाऊन उभी राहिली. जावं की थांबावं, तिला कळत नव्हतं.

माझा मुलगा महारुद्र मला जिन्यापाशी घेऊन गेला. तो तहसीलमध्ये नोकरीला आहे. वाद मिटवण्याची त्याला सवय आहे. "नाना, जाऊ द्या ना. थोरल्या आजीचं दिनकरकाका चतुर्थीला करायलेतच. दोन ठिकाणी कशाला? आन आज आईचा दिवस हाय. तिचं पान थंड व्हायलंय. आईच्या पहिल्या नवमीला भावकीत भांडण, बरं दिसतं का?"

हा मुद्दा मला खोडता येईना. तिकडं प्रयागचं पान थंड होत होतं. साडेबारा वाजून गेले होते. आगारी टाकल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं.

"बरं," मी म्हणालो.

महारुद्रनं मंजुषाला खूण केली. तिनं ताट खाली ठेवलं आणि दुसरं पान उचलायला वाकली.

तो 'बरं' माझ्या तोंडून निघाला आणि मला तो ओळखीचा वाटला. हाच शब्द मी एकदा आधी म्हणालो होतो.

आजी गेली ती उन्हाळ्यात, दुपारची, बाजेवर बसल्या बसल्या. मी मानवतहून धावत गेलो तोवर भावकी जमली होती. तिला आंघोळ घातली होती, आणि कपाळावर कुंकू तसंच होतं. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं स्वतः लावलेलं. दिनकररावांची आई, तेव्हा ती म्हातारी झाली होती, माझ्याकडं आली. म्हणाली, "नाना, जिती हुती तवर तिची जिद चालली. आता रीतीनं जाऊ दी. पुसायचं ना?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी अडतीस वर्षांचा होतो. पाच हजार पुस्तकं माझ्या ताब्यात होती. त्यांतल्या निम्म्यांत लिहिलं होतं, त्या क्षणी माणसानं काय म्हणावं. मी "बरं" म्हणालो.

त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं. मेण लवकर निघेना, म्हणून खसाखसा पुसलं. कुंकू गेल्यावर खाली तिचं गोंदण दिसलं, लहानपणीचं, हिरवं, तिळाएवढं. त्यावर पुन्हा फडकं फिरवलं. ते काही निघालं नाही. बायांनी फडकं टाकून दिलं. सोजर माझ्या शेजारी उभी होती. ती रडत नव्हती. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही.

पहिल्या पितरपाठात प्रयागनं मला विचारलं, "आत्याबाईंचं कोणत्या दिवशी करायचं?" ती आजीला आत्याबाई म्हणायची. मी म्हणालो, तिथीला, वैशाखातल्या द्वादशीला गेली, म्हणजे द्वादशीला. प्रयाग थोडा वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "पुसलं ते कपाळावरचं. दिवस तर आपल्या हातात हाय. नवमीला करू." त्यानंतर आमच्यात या विषयावर कधी बोलणं झालं नाही. दर नवमीला ती दोन घास जास्त वाढायची आणि माझ्याकडं बघायची नाही, म्हणजे मला लाजल्यासारखं होऊ नये.

हे पान प्रयागचंही होतं. तिच्या पानाला अडथळा नव्हता तो. तिनंच ते पहिल्यांदा मांडलं होतं.

"थांब," मी मंजुषाला म्हणालो. "राहू दे ते."

मंजुषा वाकलेलीच राहिली. "मामा?"

"पान उचलायचं नाही."

"नाना, आता 'बरं' म्हणालाव ना तुमी?" महारुद्र म्हणाला.

"चुकून म्हणालो."

दिनकरराव उठून उभे राहिले. "मंग बसवणार कुणाला? कोणती सवाष्ण बसंल आता? गल्लीभर झालंय."

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. पण पाय, मला कळत होतं, स्वयंपाकघराकडं चालले होते.

आत सोजर वडे तळत होती. ती आदल्या दिवशीच पोखर्णीहून आली होती. तिचे यजमान गेले त्याला दोन वर्षं झाली. नवमीच्या दिवशी विधवा बाई तळायला चालते, पुढं येऊन वाढायला नाही. म्हणून सकाळपासून ती शेगडीपुढून हलली नव्हती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. झाऱ्यातून वडे निथळत ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय म्हणायलाय दिनकर? थोरलीला तात्याच्या पंगतीला बसवलंय म्हणे?"

"सोजर, तू बस."

"कुटं?"

"आजीच्या पानावर."

तिनं गॅस बारीक केला. मग माझ्याकडं वळून स्वतःच्या कपाळावर तळहात ठेवला. "दादा, हे बघितलं का? का चष्मा बदलायचा हाय?"

"बघितलं."

"मला बसवलं म्हंजे काय हुईल, ठाव हाय का तुला? तो बाहेर बसलाय तो पोखर्णीपर्यंत सांगत जाईल. माझ्या लेकाच्या घरी मला राहायचंय. सून काय म्हणंल? नीलमबाई उठून जातील. प्रयागचं पान बी तसंच राहील." तिनं पदरानं हात पुसले. "तू सांगायलास, का आजीच्या नावानं सांगायलास?"

सत्तरी ओलांडेपर्यंत मी जे काही बोललो ते कुणाच्या ना कुणाच्या नावानं बोललो. नियमाच्या, हेडमास्तरांच्या, कुठल्या तरी छापील पानाच्या. आजी काय म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. ते उत्तर द्यायला सोपं होतं.

"मी सांगायलोय," मी म्हणालो.

सोजर माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवशी फडकं फिरत असताना बघितलं होतं तशीच. मग म्हणाली, "मेल्या, चौतीस वर्सं लागली तुला." आणि गॅस बंद करून बाहेर चालू लागली.

ती बैठकीत आली तेव्हा मंजुषानं आपोआप कुंकवाचं ताट मागं घेतलं. सोजर सरळ पाटाकडं गेली. बबिताचा नारळ आणि खण उचलून तिनं बाजूला नीट ठेवले आणि बसली. तिला गुडघ्यामुळं मांडी घालता येत नाही; एक पाय लांब करून बसली.

"सोजर, काय करायलीस तू?" दिनकरराव म्हणाले.

"जेवायलेय."

"तुला कळतंय का? तू... तू आता..."

"रंडकी हाय. म्हण की. लाजतोस कशाला, तुझ्या आईनं न लाजता म्हणलंवतं थोरलीला." सोजर हसली. "दिनकऱ्या, तू चार-पाच वर्सांचा हुतास. तुझी आजी थोरलीच्या दारात जाऊ द्यायची न्हाई मनून तू मागच्या भिताडावरनं उडी मारून यायचास. हुरडा खायला. थोरली तुला निवडून निवडून द्यायची, कवळा कवळा. आन वरून म्हणायची, 'तोंड पूस रे, न्हाई तर तुझी आजी वळखंल.' खाल्ला ना? का इसरलास?"

दिनकररावांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. ते विसरले नव्हते. "न्हाई इसरलो," ते म्हणाले. "म्हणूनच मी तिचं पान वाढतो. आदी तिचं वाढतो."

"मला ठाव हाय रे. पण तिला तात्याच्या शेजारी वाढतोस. तिला तितं घास उतरायचा न्हाई."

"मेल्यावर तरी जुळवून घ्यावं माणसानं. तात्याला बी तेवढंच समाधान."

"तात्याचं समाधान तू बघ. हिचं आमी बघतो."

मंजुषा ताट घेऊन तशीच उभी होती. तिचा हात पुढं यायचा आणि थांबायचा. मला तिची दया आली; ती सवाष्ण, तिची मुलगी लग्नाची, आणि समोर मी तिला काय करायला लावत होतो? सोजरनं ते ओळखलं. "आण इकडं," ती म्हणाली. "तू नको लावू. माझा हात काय मोडला न्हाई."

तिनं ताटातलं कुंकू अंगठ्याशेजारच्या बोटावर घेतलं. आरसा नव्हता. थोडं वाकडं लागलं, डाव्या भुवईकडं कललेलं. मला वाटलं, नीलमबाई आता उठतील. त्यांनी पाण्याचा तांब्या सोजरच्या पानाजवळ सरकवला आणि म्हणाल्या, "आगारी टाका ना काका. कढीवर साय धरायली."

दिनकररावांनी दारातल्या चपला पायात घातल्या. पितराच्या घरून भावकीतला माणूस न जेवता गेला की पितर उपाशी जातात, असं आमच्याकडं म्हणतात. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, महारुद्रला ठाऊक होतं. महारुद्र त्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला. "काका, असं करू नका. दोन घास तरी."

"नानानं म्हणावं," दिनकरराव म्हणाले. "पान उचलतो म्हणावं. मी बसतो. वैनीच्या पानाशेजारी बसतो."

सगळे पुन्हा माझ्याकडं बघू लागले.

मी अशा वेळी काय बोलायचं ते नेहमी नंतर शोधतो. या वेळी नंतर शोधायला वेळ नव्हता, आणि शब्द फारसे लागणारही नव्हते. "दिनकरराव, जेवून गेलात तर मला आनंद होईल," मी म्हणालो. "तुमचं पान मांडतो. पण आजीचं उचलणार नाही. आणि पुढच्या चतुर्थीला तिचं तुमच्याकडं वाढू नका. मी हात जोडून सांगतो. ती तुमच्या घरी जेवणारी नव्हती."

मी खरोखरच हात जोडले होते.

दिनकररावांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "भावकी तुटली म्हणायचं मंग," आणि गेले. त्यांच्या पाठीकडं बघताना मला वाईट वाटलं. हा माणूस चौतीस वर्षं माझ्या आजीला जेवू घालत होता, चुकीच्या घरी का होईना. त्यांना परत बोलवावं असं दोनदा वाटलं. बोलावलं नाही. मी केलं ते बरोबर होतं का, हे मी त्यानंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं आहे. पान उचलायला हवं होतं, असं मात्र एकदाही आलं नाही.

महारुद्रनं निखाऱ्यावर तूप सोडलं. आधी आईच्या नावानं, मग माझ्याकडं बघून, दुसऱ्यांदा. धूर झाला. बबिता अजून दारातच होती. ती आत आली नाही, पण गेलीही नाही. दोन्ही हात जोडून उभी राहिली.

सोजर जेवू लागली. ती भरभर जेवणारी बाई, पण आज सावकाश जेवत होती. प्रत्येक पदार्थाला हात लावत, खीर, भोपळ्याची भाजी, गवार, वडा, काही न सोडता. दुपार तापली होती आणि लाइट गेलेली. पंखा बंद होता. तिच्या कपाळाला घाम सुटला आणि कुंकवाचा एक ओघळ भुवईवरून निघून नाकाच्या कडेनं खाली आला.

मंजुषा पटकन वाकली, पदराचा शेव पुढं करून. "आत्याबाई, थांबा, पुसते."

सोजरनं डाव्या हातानं तिचा हात धरला.

"राहू दी," ती म्हणाली, आणि वाटी पुढं केली. "कढी वाढ."